बाराशे टप्प्यांचं तिकीट

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

सोयाबीन काढून झालं, ताडपत्रीवर वाळत घातलंय. कापसाचं मात्र यंदा काही खरं नाही.

तू गेल्यापासून पारावर एकच वाद चालू आहे. विमान मुंबईहून दुपारी दीडला सुटलं आणि तू लंडनला उतरलीस तेव्हा तिथं संध्याकाळचे सात वाजले होते, एवढं मी बोलून गेलो. झालं! "म्हंजे साडेपाच घंट्यात लंडन? आपल्याले अमरावतीले जाऊन याले दिवस जाते ना बाप्पा!" काकाजींनी तर बोटांवर मोजून दाखवलं. म्हटलं, इथं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, मी फोन हातात धरून जागा होतो. तिथली घड्याळं सध्या आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, म्हणजे खरा प्रवास दहा तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ आणखी एक तास मागं घेतात, हेही सांगितलं आणि फसलो. तेव्हापासून काकाजींचा लंडनवरचा विश्वासच उडाला.

मी पडलो एसटीचा कंडक्टर. अंतर म्हटलं की मला टप्पे दिसतात, 6 किलोमीटरचा एक. मुंबई ते लंडन सरळ धरलं तर 7,200 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे 1,200 टप्पे! जुन्या पेटीतल्या तिकिटांना एवढी छिद्रं पाडायची तर अंगठ्याला फोड आला असता.

शाळेतून पृथ्वीचा गोल मागून आणला. आफ्रिकेला पोचा आलाय, बाकी ठीक. तुझ्या आईच्या मशीनचा दोरा मुंबईवर धरून लंडनपर्यंत ताणला, तर तो कॅस्पियन समुद्राकडे सरकला. भिंतीवरच्या नकाशात रेघ इराणच्या आखाताकडून जाते. तोच दोरा विषुववृत्तावर ठेवला, तर 40,000 किलोमीटरच्या वेढ्याचा पाचवा हिस्साही भरला नाही. पण विमान काही या दोऱ्यावरूनच जात नाही. काही देशांचं आकाश टाळावं लागतं, मग फेरा पडतो. पूर्णेला पूर आला की आम्ही गाडी फिरवून न्यायचो, तसंच.

खरा लांबचा प्रवास तर तुझा इकडचाच झाला वं. दर्यापूरहून अमरावती, तिथून रात्रभर रेल्वे. साडेसहाशेच्या वर किलोमीटरला अकरा तास, आणि पुढच्या 7,200 ला दहा! त्यात तीन तास आधी विमानतळावर जाऊन बसायचं. आपली शकुंतला रेल्वेगाडी आठव. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटरला चार तास घ्यायची. तुझे आजोबा त्या गाडीतून उतरून, तंबाखू मळून पुन्हा चढायचे. त्या हिशेबानं लंडन किती दिवसांवर येतं, ते तू काढ, तुझं गणित चांगलं आहे.

एक गोष्ट आईला फार आवडली. वर दहा-अकरा किलोमीटरवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो. जाताना तो विमानाच्या तोंडावर, येताना पाठीवर. म्हणून लंडनहून येताना जवळपास तासभर वाचतो. बाकीचं सगळं ती विसरली. आता कोणीही भेटलं की सांगते, "येताना लवकर येते माझी पोरगी."

तिकीट काढशील तेव्हा मुंबईला सकाळी उतरणारं विमान बघ. अमरावतीची गाडी रात्रीची असते, दिवस हाताशी राहील. स्टेशनावर मी येतो. दर्यापूरची पहिली एसटी कुठं लागते, ते अजून पाठ आहे.

तुझे,
बाबा