पिठाच्या डब्याला कुलूप

प्रिय ठमे,

परवा फोनवर म्हणालीस, "तुझी आई किती गोड बोलली गं माझ्याशी!" आणि मी गप्प झाले. का, ते फोनवर सांगणं जमलं नाही, म्हणून हे लिहितेय.

आईनं मला कधी मारलं नाही, पण जवळही घेतलं नाही. रडत घरी आले की तिचा पहिला प्रश्न, "जेवलीस ना?" हो म्हटलं की, "मग रडायला काय झालं?" दहावीत मार्क कमी पडले तेव्हा हेच, बाबा गेले तेव्हाही हेच. भाकऱ्या मोजून थापायची आणि पिठाच्या डब्याला कुलूप. अगं, बाबांना चांगला पगार होता, टंचाई कसलीच नव्हती! मला वाटायचं, बाईचा स्वभावच चिकट.

गेल्या महिन्यात मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आला, त्यानं सांगितलं. १९७२ च्या दुष्काळात आई नऊ वर्षांची, बीडकडच्या गावात. आजी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर घमेली वाहायची. पुढच्या वर्षी मे महिन्यात राज्यभरात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. आई बाभळीखाली बसून दोन वर्षांच्या मामाला राखायची, आणि कामावर मिळालेल्या सुकडीची, म्हणजे कोरड्या पौष्टिक खाऊची, पिशवीसुद्धा. एकदा तिनं त्यातली मूठभर खाल्ली, मग आणखी मूठभर. आजीनं हात उगारला नाही. रात्री आपल्या वाटची लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी मामाला दिली, उपाशी झोपली, आणि तीन दिवस आईशी एक अक्षर बोलली नाही.

मामाला हे आजीकडूनच कळलेलं. तो हसत हसत सांगत होता. आई उठून आत गेली. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

तू समुपदेशनाचा कोर्स केलायस, याला तुझ्याकडे काहीतरी नाव असेल. माझा राग मात्र अर्धाच गेला. शेजारची मावशीही त्याच कामावर होती, आणि तिनं पोरांना लाडानं पार बिघडवलं. त्यामुळे सगळं दुष्काळावर ढकलायला मन घेत नाही.

आता खरी गोष्ट. परवा चिऊ शाळेतून फुगून आली. मैत्रीण बोलत नव्हती म्हणे. मी पोळ्या लाटत होते. तोंडातून निघून गेलं, "डबा खाल्लास ना? मग?" ती म्हणाली, "आई, मी भुकेचं सांगत नाहीये." मी गॅस बंद केला आणि नुसती उभी राहिले. आई खाली बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय गं, काय म्हणाली ती तुला?"

हे मला कधीच कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगते, हेवा वाटला. आठ वर्षांच्या पोरीचा!

दिवाळीत येशील तेव्हा आईसमोर यातलं काही काढू नकोस. आणि ताटात काही टाकू नकोस.

तुझीच,
मी