येनाहून पत्र

येना (जर्मनी), रविवार रात्र

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. हीटर चालू आहे, स्वेटर घालते, जेवते वेळेवर, तेव्हा ते पुन्हा विचारायचं नाही. चर्चमधला माझा फोटो बघून शेजारच्या काकू काय म्हणाल्या ते दादाने सांगितलं. आई, मी बाटले नाहीये गं! मंगळवारी संध्याकाळी इथल्या हौशी मंडळींबरोबर गायला जाते, एवढंच. ‘एकटी घरात बसू नकोस’ हे तुझंच ना?

आता गातोय काय, तेही मीच सांगते, नाहीतर दादा तिखटमीठ लावून सांगेल. ते अंत्यविधीचं संगीत आहे. घाबरू नकोस. हाइनरिश श्युट्झ नावाच्या माणसाने १६३६ साली केलेलं, गायक आणि साथीला ऑर्गन, बस्स. इथून जवळच्या गेरा गावच्या राजाच्या दफनासाठी. श्युट्झचा जन्मही त्याच मुलखातला. तेव्हा इकडे तीस वर्षांचं युद्ध चालू होतं. आणि या राजाने काय करावं? जिवंतपणीच स्वतःची शवपेटी करवून घेतली, बायबलमधली वचनं नि भजनांची कडवी निवडून तिच्यावर कोरून घेतली. पहिल्या भागात आम्ही तीच गातो.

तो राजा होता म्हणून नाही हं, इथे अजूनही तसंच आहे. माझ्या शेजारी गाणाऱ्या सत्तरीच्या बाईंनी परवा कॉफी पिता पिता मला त्यांच्या दफनाला कोणती गाणी हवीत, ऑर्गन किती हळू हवा आणि नंतर लोकांना कोणता केक द्यायचा, सगळं सांगितलं. चेहऱ्यावर काही नाही! मी मनात ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणत होते. मग आजी आठवली. काशीचा गडू देव्हाऱ्यात, नवी नऊवारी ट्रंकेत सगळ्यात खाली, आणि ‘माझ्या वेळी हरिपाठ म्हणा, रडारड नको.’ आपणच तिला गप्प करायचो.

शेवटच्या भागात दोन गट असतात. आम्ही ऑर्गनपाशी, ‘प्रभू, आता दासाला शांतीने जाऊ दे’ म्हणत. दुसऱ्यात तिघंच, दोन उंच आवाज म्हणजे देवदूत आणि एक खर्जातला, तो गेलेला जीव. त्यांना लांब उभं करा असं श्युट्झनेच लिहून ठेवलंय. आमचे जिन्यात उभे राहतात, दार अर्धं उघडं ठेवून. दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. मंगळवारी त्यातला एक शिंकला, सगळे हसले, मीही हसले. पुन्हा सुरू केलं तेव्हा मला माझी ओळ धरता आली नाही. जरा सर्दी होती, दुसरं काही नाही.

बाबा, मोतीबिंदूसाठी सत्तर हजार पाठवलेत. ऑपरेशन पुढे ढकलू नका. दादाच्या हप्त्याचं पुढच्या महिन्यात बघते. कोल्हापूरच्या स्थळाला कळवा की जानेवारीत येते तेव्हा भेटेन. भेटेन म्हणजे होकार नव्हे, आई. तिकीट या वेळी आधीच काढलंय. तेव्हा दहाव्यापर्यंतसुद्धा पोचता आलं नाही, ते माझ्या लक्षात आहे.

तुमची,
सुमी

ता. क. आजीच्या तोंडात गंगाजल कुणी घातलं, तू की दादाने? फोनवर विचारवलं नाही.