सायकलला नवीन सीट बसवलेल्यांनी रविवारच्या आधी वाचा

मंडळी, ज्यांनी नवीन सीट टाकलीय त्यांनी रविवारी थेट पन्हाळ्याला काढू नका, आधी रंकाळ्याला दोन-चार चकरा मारा, खिशात ॲलन की (सीटचे बोल्ट फिरवायचा षटकोनी पाना) ठेवा. सीट सपाट पाहिजे, मोबाईलचं लेव्हल ॲप लावून बघा, नाक म्हणजे सीटचं पुढचं टोक वर राहिलं की पुढं टोचतं आणि लई खाली गेलं की सगळा भार हातावर येऊन मनगटं भरून येतात. उंचीचं सोपं, टाच पेडलवर ठेवायची, पेडल पार खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. कंबर डुलली म्हणजे सीट उंच झाली. सीटपोस्टवरची (सीटखालच्या दांड्यावरची) मिनिमम लाइन, म्हणजे दांडा निदान इथपर्यंत आत पाहिजे ती खूण, फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. एका वेळी 2-3 मिमीच हलवा आणि आधीच्या जागेवर खुणेला टेप मारा, मी मारली नव्हती, अख्खी संध्याकाळ गेली राव!