भिंत होती तिथली पट्टी

शिवाजी पार्क, दादर

ती. आई-बाबा,
सा. न.

स्वयंपाकघराची भिंत काल पाडली. फोनवर सांगताना रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

काळजी करू नका. ती साडेचार इंची विटांची भिंत, भार सगळा बीम-कॉलमवर, हे इंजिनिअरने आधी तपासलं होतं. सोसायटीची परवानगीही घेतली. पण भिंत गेली आणि खाली लादीच नाही! दोन खोल्यांच्या मोझेकमध्ये एक उघडी, मातकट पट्टी. गवंडी म्हणाला, सगळंच उखडून नवीन टाइल्स लावू. मी ठाम नाही म्हटलं. जुन्यासारखी लादी शोधून पट्टी बुजवणंही पटेना. शेवटी दोन्ही कडांना पितळी पट्ट्या बसवून मध्ये साधं राखाडी मोझेक ओतायचं ठरवलं. आई, इतकी वर्षं त्या भिंतीआडून तू "कोण आलंय गं?" विचारायचीस. ती जागा जमिनीवर दिसत राहायला हवी. फोडणीचा वास अडवायला तिथे लोखंडी चौकटीचा, काचेचा सरकता दरवाजा येईल. पण तू आतून सगळ्यांना दिसशील.

बाबा, गॅलरीच्या छज्ज्याबद्दल तुम्ही म्हणत होतात तेच निघालं. खाऱ्या हवेने सळ्या गंजल्या, गंज फुगला आणि त्याने काँक्रीट फोडलं. पोकळ भाग काढून, सळ्या घासून, गंजरोधक लावून पुन्हा भरलाय. गोल कोपऱ्यावरच्या तीन आडव्या रेघांसाठी गवंड्याने पत्र्याचा साचा कापला आणि ओल्या गिलाव्यावरून असा फिरवला की मी बघतच राहिले.

२०१८ मध्ये ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या, आपल्यासारख्याच गोल कोपऱ्यांच्या आणि आडव्या रेघांच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. आपलं शिवाजी पार्क त्यात नाही. इथे टॉवरसाठी एकेक जुनी इमारत जातेय. म्हणूनच माझा एवढा जीव तुटतो. मोझेकवर ॲसिड ओतायला निघालेल्या माणसाचा मी अक्षरशः हात धरला. ते सिमेंटच खातं.

न्हाणीघर मात्र पूर्ण नवं केलंय. उंबरा नाही, लादी खरखरीत, भिंतीला धरायला दांडा. बाबांच्या गुडघ्यांपुढे तिथलं जुनं काहीच राखायचं नव्हतं.

आई, एक काम कर. उभी राहा, हात कोपरात दुमड आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची दादाला मोजायला सांग. रविवारपर्यंत कळव. ओट्याचे पाय सोमवारी वेल्ड होणार आहेत.

तुमची,
धाकटी