शिफारशी ज्यांच्यासाठी आहेत, त्यांच्यापर्यंत त्या पोचू द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी नागपुरात महाविद्यालयात शिकवतो आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. विद्यापीठांत होणारं संशोधन लोकांपर्यंत का पोचत नाही आणि त्यासाठी आपण काय करू शकता, एवढ्यासाठीच हे पत्र.

सामाजिक विषयावरचा कुठलाही प्रबंध घ्या. शेवटचं प्रकरण असतं ‘निष्कर्ष आणि शिफारशी’. शेतकऱ्यांनी अमुक करावं, ग्रामपंचायतीनं तमुक करावं, आरोग्य विभागानं इकडे लक्ष द्यावं. चार-पाच वर्षांच्या मेहनतीचा अर्क त्या पानांत असतो. प्रबंधाच्या प्रती परीक्षकांना जातात, मार्गदर्शकाकडे राहतात, ग्रंथालयात जमा होतात. ज्याला शिफारस केली, त्याला मात्र प्रत पाठवण्याची पद्धतच नाही.

काटोलकडच्या एका गावात माझी विद्यार्थिनी संत्रा बागायतदारांच्या मुलाखती घेत होती, तेव्हा मी सोबत होतो. आंबिया बहाराची फळं गळत होती, झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडला होता. बागेच्या मालकानं आधी चहा पाजला. कर्ज किती, व्यापाऱ्यानं बाग कितीत मागितली, डिंक्या रोगानं किती झाडं गेली, सगळं मोकळेपणानं सांगितलं. प्रश्नावली संपल्यावर म्हणाला, “मागं बी एक मॅडम आल्या होत्या जी. असाच फारम भरून नेला. त्याचं मंग काय झालं?”

आमच्यापाशी उत्तर नव्हतं. त्या मॅडमना पदवी मिळाली असेल. त्यांचा प्रबंध चांगलाही असेल. पण ज्याच्या घरची कर्जाची आकडेवारी त्यात छापली गेली, त्याला त्यातली एक ओळ कुणी वाचून दाखवली नाही. मला हा अन्याय वाटतो, आणि तो कुणी मुद्दाम करत नाही म्हणून कमी ठरत नाही.

याची किंमत कधीकधी फार मोठी असते. सिकलसेल हा आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली छापून आला. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली २०२३ च्या जुलैत. मधल्या काळात अनेक डॉक्टर आणि कार्यकर्ते विदर्भात जिवापाड राबले, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण आई-वडील दोघेही ‘एएस’ म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं होण्याची शक्यता २५ टक्के असते, ही एका वाक्यात मावणारी गोष्ट लग्न जुळवायला बसलेल्या किती घरांना आजही ठाऊक आहे? ती घराघरांत सांगणं हे संशोधनाइतकंच मोलाचं काम आहे.

विद्यापीठं लोकांशी बोलतच नाहीत असं नाही. प्रसिद्धिपत्रकं रोज निघतात. त्यांत उद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, शाल-श्रीफळ कुणाच्या हस्ते, सूत्रसंचालन आणि आभार कुणाचे, हे सगळं नावानिशी असतं. संशोधकाच्या वाट्याला येतं ते ‘मौलिक मार्गदर्शन केले’. त्यानं काय शोधलं, ते कुणाच्या उपयोगाचं, हे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. ते पत्रक लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याचा दोष नाही. संशोधन समजून घेऊन सोप्या मराठीत लिहिणारा माणूस नेमायला हवा, आणि तसं पदच बहुतेक ठिकाणी नसतं.

माझी मुख्य मागणी साधी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २००९ मध्ये नियम केला, म्हणून आज देशभरातले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर जमा होतात. प्रत जमा केल्याशिवाय पदवी नाही म्हटल्यावर सगळे करतात. त्याच धर्तीवर राज्यातल्या प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात प्रबंधासोबत दोन पानी मराठी निवेदन बंधनकारक करावं. मी काय शोधलं, कुणाच्या मदतीनं शोधलं, कुणाला त्याचा काय उपयोग, आणि काय सापडलं नाही. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही हे जमतं. मी प्रयोग म्हणून माझ्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. पहिला मसुदा वाचवत नाही, तिसरा घरी आईला वाचून दाखवता येतो.

जिथून माहिती घेतली, तिथे ते निवेदन विद्यार्थ्यानं स्वतः जाऊन वाचावं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतातच. तिथे पंधरा मिनिटं मागून घ्यावीत. लोक प्रश्न विचारतील, चुका दाखवतील. संत्र्याच्या बागेत हयात गेलेला माणूस परीक्षकापेक्षा अवघड प्रश्न विचारतो, हे मी पाहिलंय. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं गावांत होतात, त्यांनाही हे काम जोडता येईल.

ब्रिटननं विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन करताना २०१४ मध्ये समाजावरच्या परिणामाला २० टक्के वजन दिलं आणि २०२१ मध्ये ते २५ टक्के केलं. कुणाचं काय बदललं, हे विद्यापीठांना पुराव्यासह लिहावं लागलं, आणि त्या हकिकती कुणालाही वाचता येतात. तिथे ओढ यशाच्याच गोष्टी लिहिण्याकडे राहते. आपण तेवढं टाळावं. एखाद्या गावात पाणी मुरवण्याचा प्रयोग फसला असेल, तर तो का फसला हे शेजारच्या गावाला आधी कळायला हवं.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं आणि २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव लावतं. महाराज खंजिरी घेऊन गावोगाव गेले. शेती, आरोग्य, ग्रामसफाई यांबद्दल जे सांगायचं ते त्यांनी शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत सांगितलं. त्या नावाच्या विद्यापीठापासून सुरुवात व्हावी असं मला मनापासून वाटतं. शंभरी ओलांडलेल्या संस्थेला हे मुळीच जड नाही.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात याल. त्याच मुक्कामात कुलगुरू आणि मार्गदर्शक यांच्यासोबत एक बैठक घ्यावी आणि शासन निर्णयाचा मसुदा ठरवावा, ही विनंती. माझ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली निवेदनं नमुन्यादाखल घेऊन मी हजर राहीन. तेव्हा निर्णय झाला, तर लगेच येणाऱ्या २६ जानेवारीच्या ग्रामसभांत पहिली निवेदनं वाचली जाऊ शकतील.

आपला,
नागपुरातील एक प्राध्यापक