एल-वनवाल्यांच्या कापलेल्या पैशांचं काय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हापासून व्हिसा हा विषय आपल्याकडे घरोघरी चघळला जातो आहे. पण पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतून अमेरिकेला जाणारे सगळेच काही एच-वन-बीवर जात नाहीत. कंपनीने इथल्या आपल्याच माणसाला तिथल्या आपल्याच शाखेत काही वर्षांसाठी पाठवायचं, तर त्यासाठी एल-वन व्हिसा असतो. तो 1970 पासून आहे. त्याला लॉटरी नाही, वार्षिक कोटा नाही, त्यामुळे बातमीही नाही. ऑफिसात त्याचं नावसुद्धा कोणी घेत नाही, 'अमक्याला ऑनसाइट मिळालं' एवढंच म्हणतात.

मलाही असंच ऑनसाइट मिळालं होतं. जानेवारी 2014 ते डिसेंबर 2018, न्यू जर्सी. त्या पाच वर्षांतली एकच गोष्ट सांगायला हे पत्र लिहितो आहे, कारण ती जाणाऱ्याला कोणी सांगत नाही आणि परत आलेला सांगायला लाजतो.

त्या काळी कंपनीच्या सामूहिक मंजुरीवर जाणाऱ्या एल-वनवाल्यांच्या मुलाखती चेन्नईला होत. घराजवळचा मुंबईचा अमेरिकी वाणिज्य दूतावास सोडून मी पुण्याहून रात्रीचं विमान पकडून चेन्नईच्या दूतावासाबाहेर, जेमिनी सर्कलच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी मोजून तीन प्रश्न विचारले. त्यातला खरा एकच: तुमच्याकडे असं काय विशेष ज्ञान आहे, जे आम्हाला अमेरिकेत मिळणार नाही? आमच्या कंपनीने विमा दाव्यांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल मी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. बाईंनी फॉर्मच्या तिन्ही प्रतींवर शिक्के मारले आणि एक माझ्याकडे सरकवली. विशेष ज्ञानवाल्याला, म्हणजे एल-वन-बीला, जास्तीत जास्त पाच वर्षं. मॅनेजर असाल तर सात. त्यानंतर घरी. मधेच नोकरी बदलायची सोय नाही, कारण व्हिसा कंपनीच्या खुंटीला बांधलेला. थोडक्यात, पाहुणा म्हणून या आणि पाहुण्यासारखे जा, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिथे गेल्यावर पहिली पगाराची स्लिप हातात आली. पगार वर्षाला 72 हजार डॉलर, दर पंधरवड्याला 2,769. त्यातून प्राप्तिकर गेला, तो जाणारच. रस्ते आपणही वापरतो. खाली आणखी दोन ओळी होत्या. सोशल सिक्युरिटी: 171 डॉलर 69 सेंट. मेडिकेअर: 40 डॉलर 15 सेंट. पहिली कपात म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांचं पेन्शन, पगाराच्या 6.2 टक्के. दुसरी त्यांच्या औषधपाण्याची, 1.45 टक्के. तेवढीच रक्कम कंपनीही वेगळी भरते. शेजारच्या डेस्कवरचा गुजराती म्हणाला, 'ते तर कापतातच.' मीही मान डोलावली आणि विसरलो.

हिशोब केला तो परत यायच्या महिन्यात, सामान बांधताना. पगार एका डॉलरनेही वाढला नाही असं धरलं तरी पाच वर्षांत माझ्याकडून 27 हजार 540 डॉलर गेले. त्या काळच्या दराने सतराअठरा लाख रुपये. आणि त्या पेन्शनसाठी लागतात 40 क्रेडिट. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं. माझी झाली वीस. चाळीस न भरणाऱ्याला पैसे परत मिळत नाहीत. पाच वर्षांच्या वर राहायची परवानगी नाही आणि दहा वर्षांच्या आत हक्क नाही! व्हिसा म्हणतो तू तात्पुरता, पगाराची स्लिप म्हणते तू जन्माचा.

ज्यांना पुढे ग्रीन कार्ड मिळतं त्यांचा प्रश्न मिटतो. पण भारतीयांसाठी ती रांग केवढी लांब आहे, ते आपले वाचक जाणतातच.

माझ्या एका सहकाऱ्याची गोष्ट याहून वाईट. तोही माझ्यासारखाच 2007 ला लागला, 2014 ला गेला. जाताना कंपनीने त्याचं नाव इथल्या पगारपत्रकातून काढून तिथल्या पत्रकात घातलं, त्यामुळे इथला भविष्य निर्वाह निधी थांबला आणि त्याबरोबरची कर्मचारी पेन्शन योजनाही. परत आल्यावर त्याने नोकरी सोडून चाकणला स्वतःचा धंदा काढला. आपल्या पेन्शन योजनेलाही दहा वर्षंच लागतात. त्याची इथली सात, तिथली पाच. बारा वर्षं एकाच कंपनीत, दोन देशांत मिळून इमानाने पैसे भरले आणि पेन्शन कुठलंच नाही. इथलं पेन्शन किती तुटपुंजं असतं ते मलाही ठाऊक आहे. पण शून्यापेक्षा ते बरंच, नाही का?

यावर उपाय आहे, आणि तो शोधून काढावा लागणार नाही. दोन देश आपसात सामाजिक सुरक्षा करार करतात. मग काही वर्षांसाठी पाठवलेला माणूस आपल्या मूळ देशातच भरत राहतो आणि तिथली कपात माफ होते. जास्त राहिला तर दोन्हीकडची वर्षं जोडून हक्क ठरतो. भारताचा असा पहिला करार बेल्जियमशी, 2009 पासून लागू झाला. मग जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे. माझा मावसभाऊ पिंपरीच्या एका कारखान्यातून स्टुटगार्टला तीन वर्षं गेला होता. जाण्याआधी त्याने भविष्य निर्वाह निधी कार्यालयातून एक कागद काढला. त्याचं नाव 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज'. तो तिथे दाखवला आणि जर्मन पेन्शनची कपात झाली नाही, इथला निधी चालू राहिला. एका कागदाचं काम! ब्रिटननेही 2025 च्या व्यापार कराराच्या वेळी भारतातून पाठवलेल्यांना तीन वर्षांपर्यंत अशी सूट द्यायचं कबूल केलं.

अमेरिकेचे असे करार तीसेक देशांशी आहेत. त्यांत ब्राझील आहे, उरुग्वे आहे, पुण्याहून कमी वस्तीचा आइसलँडसुद्धा आहे. भारत नाही. या करारांत पाठवलेल्या माणसाला साधारण पाच वर्षांपर्यंत सूट असते. एल-वन-बीची मुदतही नेमकी पाच वर्षंच. म्हणजे करार असता तर माझ्या त्या 171 डॉलर 69 सेंटची ओळ स्लिपवर आलीच नसती.

करार का होत नाही? आपली व्यवस्था पुरेशा लोकांना सामावून घेत नाही, ती त्यांच्या कायद्यात बसत नाही, असं अमेरिकेचं म्हणणं आहे. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले अशा आपल्या कोट्यवधी लोकांना पेन्शन नाही हे खरंच आहे, तिथे आपल्याला मान खाली घालावी लागते. पण भारतानेही 2008 मध्ये एक डाव टाकला. ज्या देशाशी करार नाही, तिथून इथे नोकरीला आलेल्या परदेशी माणसाने पूर्ण पगारावर भविष्य निर्वाह निधी भरायचा, आणि 2010 पासून तर सहसा 58 व्या वर्षाआधी तो काढायचाही नाही. आपल्यासारखी पंधरा हजारांची मर्यादा त्याला नाही. हेतू हा, की त्यांनाही चटका बसावा आणि ते बोलणीला बसावेत. बोलणी बरीच वर्षं झाली. चटका तेवढा दोन्हीकडच्या नोकरदारांना बसला.

'डॉलर खाल्लेत, आता रडता कशाला,' असं आमच्या सोसायटीतले एक काका मला म्हणाले. त्यांचं पूर्ण चूक नाही. मी त्या पैशातून फ्लॅटचं कर्ज फेडलं. पण पाठवलेल्या सगळ्यांनाच डॉलर मिळतात असं नव्हे. मी तिथे असतानाच, 2014 मध्ये, बातमी आली होती. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने बंगळूरच्या आपल्या कार्यालयातून आठ जणांना संगणक बसवायला नेलं होतं आणि आठवड्याला 122 तासांपर्यंत राबवून तासाला 1 डॉलर 21 सेंट दिले होते, तेही रुपयांत. तिथल्या कामगार खात्याने थकबाकी द्यायला लावली. ती बातमी आम्ही ऑफिसच्या पँट्रीत हळू आवाजात वाचली होती.

अमेरिकेशी व्यापाराची बोलणी सुरू झाली की आपल्याकडे सफरचंद, बदाम आणि दुधाची चर्चा होते. ती व्हावीच, शेतकऱ्याचा प्रश्न मोठाच आहे. त्या टेबलावर ही कपातही आहे का, हे आपल्या वार्ताहरांनी आणि महाराष्ट्रातल्या खासदारांनी एकदा विचारावं, एवढीच विनंती. मला आता त्यातून काही मिळणार नाही. पण माझ्या जुन्या टीममधली एक मुलगी येत्या महिन्यात निघते आहे. परवा तिने फोन करून विचारलं, 'दादा, बॅगेत कुकर टाकू का?' कुकर टाक म्हणालो. पेन्शनच्या कागदाबद्दल मात्र तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

आपला,
एक वाचक,
कर्वेनगर, पुणे