धाकट्याचे 101 दिवस

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, धाकटा जामिनावर घरातच तर होता, मग त्याची शिक्षेत सूट कसली? तेव्हा मला बोलवेना, म्हणून आज लिहितोय. तुमचं आयुष्य सांगलीच्या कोर्टात गेलं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 428 कलमाखाली शिक्षेतून फक्त कोठडीतले दिवस वजा होतात हे तुम्हाला पाठ, नव्या संहितेत तेच 468 झालंय. पण इकडे इंग्लंडमध्ये 2008 पासून जामिनावरच्या कर्फ्यूचे, म्हणजे ठरल्या वेळात घरातच राहायच्या अटीचे, दिवसही धरतात. रोज किमान 9 तास घरात आणि अंगावर टॅग, म्हणजे पाळत ठेवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा, असं असेल तर दोन दिवसांचा एक दिवस मिळतो.

आपल्या धाकट्याला संध्याकाळी 7 ते सकाळी 7 होता. घोट्याला पट्टा, तो अंघोळीलाही निघत नाही, आणि हॉलमध्ये त्या पट्ट्यावर नजर ठेवणारा बॉक्स. वेअरहाऊसची रात्रपाळी गेली. दिवाळीत आम्ही लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर लायटिंग बघून आलो तर हा खिडकीत पणती लावून एकटा बसलेला, काका ते डोळ्यासमोरून जात नाही हो. याला घरात बसणं म्हणायचं का?

हिशोब असा, एकूण 202 दिवस, एकदा बस चुकून उशिरा पोचला तो दिवस वजा, राहिले 201, निम्मे साडेशंभर, अर्धा दिवस वरच धरतात म्हणून 101. कोठडीतले दिवस इथे तुरुंगवाले आपोआप वजा करतात, टॅगचा आकडा मात्र जजनं कोर्टात बोलून दाखवायला लागतो आणि आमच्या वकिलानं तो दिलाच नाही! मलाही तेव्हा माहीत नव्हतं, पोरगा 20 महिने ऐकून मान खाली घालून आत गेला.

नंतर कळलं तसं मी जामिनाच्या ऑर्डरवरच्या तारखा काढून कॅलेंडरवर एकेक दिवस टिक केला, बायकोकडून परत मोजून घेतला, वकिलाकडे तीन खेपा घातल्या. अशी चूक त्याच कोर्टात 56 दिवसांच्या आत दुरुस्त करता येते, नाहीतर अपीलात जावं लागतं. आपली 41व्या दिवशी झाली.

कॅलेंडरचा फोटो पाठवतोय, तुम्हीही एकदा मोजा. आणि आईला सांगा, तीन महिन्यांहून जास्त आधी सुटतोय.

तुमचा,
थोरला